शेगडी देण्याआधी वायर पाहा



मागच्या नाताळात आपल्या काही हितचिंतकांनी सातपुड्यातील एका कुटुंबाला इंडक्शन शेगडी भेट दिली. घरातल्या आजींना चुलीच्या धुराने सारखा खोकला येई. पण शेगडी लावली की फ्यूज उडे. शेवटी नातवाने फ्यूजमध्ये जाड तार घातली. मी भेटीला गेलो तेव्हा प्लग काळा पडला होता आणि वायरीला जळका वास येत होता. ती वायर कुडाच्या भिंतीवरून गेलेली. देवाच्या दयेने अनर्थ टळला. चूक नातवाची एकट्याची नव्हती. शेगडी पोहोचवताना आम्हीही वायर पाहिली नव्हती.

पाड्यांवरील अनेक घरांत वीज सौभाग्य योजनेतून, म्हणजे २०१७ नंतर आली. त्यात एक दिवा आणि मोबाइल चार्जिंग एवढीच सोय असे. २००० वॉटची शेगडी २३० व्होल्टवर जवळजवळ ९ अँपिअर वीज ओढते. साधा प्लग ६ अँपिअरचा असतो. दिव्याची बारीक वायर एवढ्या भाराने तापते. फ्यूज किंवा एमसीबी वायर जळू नये म्हणूनच तुटतो. तो मोठा केला तर वायर जाड होत नाही, फक्त राखणदार निघून जातो.

मग करावे काय?

१. वीजबिलावरील ‘मंजूर भार’ पाहावा. कमी असल्यास तो वाढवण्यासाठी महावितरणकडे अर्ज करावा.

२. शेगडीसाठी बोर्डापासून स्वतंत्र लाइन घ्यावी. त्यासाठी आयएसआय चिन्हाची, किमान २.५ चौरस मि.मी. तांब्याची वायर, १६ अँपिअरचा पॉवर प्लग आणि वायरीला साजेसा एमसीबी लागतो. एक्स्टेन्शन बोर्ड वापरू नये.

३. अर्थिंग तपासून घ्यावे. शिवाय ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी बसवावा. एमसीबी वायर वाचवतो. शॉकपासून माणसाला वाचवण्याचे काम आरसीसीबी करतो.

४. हे काम परवानाधारक वायरमनकडूनच, मेन स्विच बंद ठेवून करून घ्यावे. घरच्या मुलांना त्यात हात घालू देऊ नये.

अनुवादाच्या पुस्तकात नवे घर बांधणाऱ्याने गच्चीला कठडा करावा, असा नियम आहे. कोणी पडून जीव गेला तर त्याचा दोष घरावर येऊ नये, हे त्यामागचे कारण. आपल्या भेटींनाही असा कठडा हवा.

म्हणून विनंती आहे: शेगडी, इस्त्री किंवा गीझर देण्याचा विचार असेल तर आधी आम्हाला कळवा. आम्ही वायरमनसह घर पाहून येऊ. वायरिंगचा खर्चही त्याच दानात धरा. भिंतीवरची वायर फोटोत दिसत नाही, पण घर तिच्यावरच सुरक्षित राहते.

त्या आजींच्या घरी आता स्वतंत्र लाइन झाली आहे. त्यांची व पाड्यावरील सर्व घरांची प्रार्थनेत आठवण ठेवा.