बक्षीस कुणाला, आणि मोजलं कुणी?



आजचा विषय ऐकून तुम्ही म्हणाल, बचत गटवाल्या आज भुताखेतांकडे कुठे वळल्या! त्याचं असं झालं, आमच्या मासिक बैठकीत हप्ते गोळा झाले, वह्या मिटल्या आणि गप्पा निघाल्या 'रात्रीस खेळ चाले' या मालिकेच्या. एक मावशी म्हणाल्या, "असल्या भुतांच्या मालिकांना कोण बक्षीस देणार?" तेव्हा एका सभासदाची कॉलेजात जाणारी लेक म्हणाली, "मावशी, परदेशात देतात की! आणि परीक्षक नाही, सभासदच मतं देऊन ठरवतात." सभासद आणि मतं म्हटल्यावर आमचे कान टवकारले. मग आम्ही माहिती मिळवली. तीच आज सांगतो.

या पुरस्काराचं नाव ह्यूगो. विज्ञानकथांचं मासिक काढणारे ह्यूगो गर्न्सबॅक यांच्या नावावरून ते पडलं. १९५३ साली अमेरिकेत हे पुरस्कार पहिल्यांदा दिले गेले. बक्षीस म्हणून मिळतं ते एक उभं, चकचकीत रॉकेट. कादंबरी, कथा यांच्याबरोबर सिनेमा आणि टीव्हीलाही तो मिळतो. २००३ पासून दृश्य कार्यक्रमांचे दोन भाग केले आहेत. दीड तासापेक्षा मोठे कार्यक्रम एका गटात, लहान दुसऱ्या गटात. मालिकेचा एखादा भाग सहसा दुसऱ्या गटात येतो. म्हणजे अख्ख्या मालिकेला नाही, तर एका चांगल्या भागालाही बक्षीस मिळू शकतं. २०२४ साली 'द लास्ट ऑफ अस' या मालिकेच्या एका भागाला असंच ते मिळालं.

टीव्हीवरच्या मालिकेला हा मान पहिल्यांदा मिळाला १९६० साली. मालिका होती 'द ट्वायलाइट झोन'. तिचे कर्ते रॉड सर्लिंग. त्या काळी अमेरिकेत गोऱ्या-काळ्यांच्या भेदभावावर सरळ नाटक लिहिलं, की जाहिरात देणाऱ्या कंपन्या त्यातला कस काढून टाकायला लावत. सर्लिंग यांनी तेच परग्रहावरच्या माणसांच्या आणि विचित्र घटनांच्या आडून सांगितलं. लेकी बोले सुने लागे, तसंच.

त्यातला एक भाग सांगतो. संध्याकाळची वेळ. एका गल्लीतली वीज जाते, फोन बंद पडतात, गाड्या सुरू होत नाहीत. एक लहान मुलगा वाचलेल्या गोष्टीवरून म्हणतो, परग्रहावरची माणसं येण्याआधी माणसासारखंच दिसणारं एक कुटुंब पुढे पाठवतात. झालं! ज्याची गाडी आपोआप सुरू झाली, त्याच्यावर संशय. जो रात्री आकाशाकडे बघत उभा राहतो, त्याच्यावर संशय. शेवटी अंधारातून चालत येणाऱ्या आपल्याच शेजाऱ्याला लोक गोळी घालतात. परग्रहवाले लांब टेकडीवर बसून हे बघत असतात. त्यांना काहीच करावं लागत नाही. दिवे घालवले की पुरे, बाकीचं माणसं स्वतःच करतात.

मैत्रिणींनो, हे ऐकून आमच्या बैठकीत सगळ्या गप्प झाल्या. २०१८ साली धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात मुलं पळवणारी टोळी समजून पाच निरपराध माणसांना जमावाने ठार मारलं, ते सगळ्यांना आठवलं. मावशी म्हणाल्या, "मग ही भुताची गोष्ट नाही गं. आपलीच आहे." अशा गोष्टीला मान मिळायला हवा की नको, तुम्हीच सांगा.

आता मान कसा ठरतो ते बघू. विज्ञानकथेच्या चाहत्यांचं जागतिक संमेलन दरवर्षी वेगळ्या शहरात भरतं. वर्गणी भरली की कुणीही सभासद होतो. सभासद आधी नावं सुचवतात, त्यातून शेवटच्या फेरीत साधारण सहा नावं उरतात. मग मतदान होतं. पण एकाच नावावर शिक्का मारायचा नसतो. पहिली पसंती, दुसरी, तिसरी असे क्रम लावायचे असतात.

हे आपल्या हिशोबाने समजून घेऊ. समजा वीस जणींनी प्रदर्शनात कोणता एक पदार्थ न्यायचा ते ठरवायचं आहे. पहिल्या पसंतीची मतं अशी पडली: शेंगदाण्याची चटणी आठ, नाचणीचे लाडू सात, लिंबाचं लोणचं पाच. एरवी आपण चटणी जिंकली म्हणू. पण वीसपैकी बारा जणींना चटणी पहिली नको होती, त्याचं काय? म्हणून सगळ्यात मागे असलेलं लोणचं बाद करायचं आणि त्या पाच जणींची दुसरी पसंती बघायची. चौघींची दुसरी पसंती लाडू निघाली, एकीची चटणी. आता लाडू अकरा, चटणी नऊ. निम्म्याहून जास्त जणी लाडवांच्या बाजूने आल्या. लाडू जिंकले, आणि लोणचंवालीचं मतही वाया गेलं नाही.

या मतपत्रिकेवर आणखी एक पर्याय असतो: पुरस्कार कुणालाच नको. आपल्या मतदान यंत्रावर २०१३ पासून 'नोटा' आलं, तसाच. पण आपल्याकडे विधानसभेला, लोकसभेला नोटाला सगळ्यात जास्त मतं पडली तरी पुढे असलेला उमेदवारच निवडून येतो. तिथे 'कुणालाच नको' खरोखर जिंकतं. 'द ट्वायलाइट झोन' सलग तीन वर्षं जिंकली होती. १९६३ साली ती पुन्हा स्पर्धेत होती, तरी सभासदांनी त्या वर्षी या गटात कुणालाच बक्षीस दिलं नाही. १९७७ सालीही तसंच झालं. नाव मोठं आहे म्हणून बक्षीस, असं नाही.

इतके चांगले नियम असूनही घोटाळा झालाच. २०२३ सालचं संमेलन चीनमधल्या चेंगडू शहरात झालं. मतांचे आकडे तीन महिन्यांनी बाहेर आले. भरपूर सूचना मिळूनही काही नावांपुढे 'अपात्र' एवढंच लिहिलेलं होतं, कारण दिलेलं नव्हतं. त्यात 'द सँडमॅन' मालिकेचा एक भागही होता. पुढे कारभाऱ्यांची पत्रं उघड झाली. लेखकांचं लिखाण राजकीयदृष्ट्या अडचणीचं आहे का, हे आधी तपासलं गेल्याचं त्यातून दिसलं. सत्तर वर्षांच्या पुरस्कारावरचा विश्वास एका वर्षात डळमळला.

पुढच्या वर्षी स्कॉटलंडमधल्या ग्लासगोच्या कारभाऱ्यांनी वेगळं केलं. मतं तपासताना त्यांना ३७७ मतं बोगस दिसली. जवळजवळ सारखी आडनावं, नावाच्या जागी ओळीने आकडे, आणि सगळी एकाच नावाच्या फायद्याची. त्यांनी ती बाद केली आणि निकालाआधीच सगळ्यांना जाहीर सांगितलं. ज्याच्या फायद्यासाठी हे झालं, त्याला ते ठाऊक होतं असा पुरावा नव्हता, म्हणून त्याचं नाव सांगितलं नाही आणि त्याला स्पर्धेतूनही काढलं नाही. चोरी पकडली, पण उगाच कुणाला चोर ठरवलं नाही.

हे वाचताना आम्हाला आमचीच एक गोष्ट आठवली. एका महोत्सवात उत्कृष्ट स्टॉलचं बक्षीस होतं. आम्ही गुण विचारले, तर "परीक्षकांचा निर्णय अंतिम" एवढंच उत्तर आलं. बक्षीस हुकल्याचं वाईट वाटलं नाही. कुठे कमी पडलो हे कळलं नाही, त्याचं वाटलं. परत येताना गाडीत कुणी बोललं नाही, आणि पुढच्या वर्षी दोन गटांनी भागच घेतला नाही.

म्हणून आमच्या ग्रामसंघाने ठराव केला आहे. यंदाचा उत्कृष्ट गट पसंतीक्रमाच्या चिठ्ठ्यांनी निवडायचा. स्वतःच्या गटाला मत द्यायचं नाही. चिठ्ठीवर 'कुणालाच नको' हा पर्याय ठेवायचा. मोजणी सगळ्यांसमोर करायची, आकडे फळ्यावर लिहायचे आणि वहीत उतरवायचे. कुणाला बाद केलं, तर कारण त्याच पानावर लिहायचं. रोखवही आपण उघडी ठेवतोच. बक्षिसाची वहीही तशीच उघडी असावी.

मावशींनी विचारलंय, चिठ्ठीवर नावाऐवजी चित्रं काढली तर चालेल का, म्हणजे वाचता न येणाऱ्या बायांनाही क्रम लावता येईल. आम्ही म्हटलं, चालेल काय, तसंच करू. तुमच्या गटात काय ठरलं ते आम्हाला जरूर कळवा.