टाकीतलं कबूतर

मे महिन्यातली संध्याकाळ, पावणेसहा. जबलपूरच्या राइट टाउनातल्या या दुमजली घराच्या गच्चीची फरशी अजून तळव्यांना चटके देते आहे. रविशंकर शुक्ल स्टेडियमच्या बाजूने पोरांचा गलका येतोय. मी लोखंडी शिडीवरून हजार लिटरच्या काळ्या टाकीत वाकलोय, आणि घरमालक चाचा खाली दोन्ही हातांनी शिडी धरून विचारताहेत, "फुगलंय का, बेटा?"

झाकण वाऱ्याने सरकलेलं. पाण्यावर कबूतर तरंगतंय, एक पंख पसरलेला.

"नाही चाचा. पिसंही जागच्या जागी आहेत."

"पाण्याला वास? रंग?"

"काही नाही."

ते सुटकेचा श्वास सोडतात. फुगलेलं असतं तर तीन दिवसांच्या नमाजांचा प्रश्न होता. आता एका दिवसाचाच आहे.

मी दापोलीचा. आम्ही कोकणी मुसलमान शाफई मजहबचे. लहानपणी शिकलोय, की पाणी दोन मोठ्या रांजणांइतकं, म्हणजे साधारण 200 लिटर असलं, की घाण पडली म्हणून ते नापाक होत नाही. रंग, वास किंवा चव बदलली तरच होतं. टाकीत 700 लिटर तरी आहे. माझ्या हिशेबाने पाणी पाक. चाचा हनफी. त्यांच्यात पाण्याचं वजन बघत नाहीत, पसारा बघतात. दह दर दह: दहा हात लांब, दहा हात रुंद, सुमारे 225 चौरस फूट. हनुमानताल तलावात असं कबूतर पडलं तर चाचा बिनघोर तिथे वजू करतील, नमाजाआधी हातपाय धुतील. ही टाकी जेमतेम साडेतीन फूट रुंद. म्हणजे थोडं पाणी, आणि थोडं पाणी एवढ्याने नापाक.

मी प्लास्टिकच्या पिशवीत हात घालून कबूतर उचलतो. किती हलकं लागतं ते.

"आता हे सगळं सोडून द्यायचं?" माझ्या पोटात गोळा येतो. या दिवसांत नळाला पाणी किती वेळ असतं, ते रोज बादल्या भरणाऱ्यांना ठाऊक.

"कशाला? वाहतं पाणी पाक असतं. मोटर लाव."

खालच्या हौदातलं स्वच्छ पाणी वर चढू लागतं. टाकी काठोकाठ भरते आणि ओव्हरफ्लोच्या पाइपातून धार लागते. एकीकडून पाक पाणी आत, दुसरीकडून बाहेर: आता ही टाकी साठवण नाही, ओढा झाली. चाचा पाइपाचं तोंड कुंड्यांकडे वळवतात. पहिली धार लिंबाच्या झाडाला. झाडाला ते चालतं. दहा मिनिटं होतात तरी ते मोटर बंद करू देत नाहीत. वाहत्या पाण्याचा हा नियम मला फार आवडतो. त्याला पाण्याची किंमत कळते.

बरेलीच्या अहमद रझा खान यांनी वजूला चालणाऱ्या पाण्याचे 160 प्रकार नोंदवून ठेवलेत. त्यांचे शिष्य मुफ्ती बुर्हानुल हक याच जबलपूरचे. इथे पाण्याचा हिशेब असा घराघरांत मुरलेला आहे.

जिन्यातून घरमालकीण खाला विचारतात, "माझ्याही नमाजा गेल्या का हो?" त्यांचे गुडघे सुजलेत, त्या खुर्चीवर बसून नमाज पढतात.

प्राणी कधी पडला ते माहीत नसेल आणि तो फुगला नसेल, तर इमाम अबू हनीफा एक दिवस-रात्र मागे जायला सांगतात. त्यांचे शिष्य अबू युसूफ आणि मुहम्मद म्हणतात, दिसलं तेव्हापासून नापाक धरा; मागचं संशयावर मोडू नका.

"तुझं काही गेलं नाही," चाचा खाली वाकून सांगतात. "तू शागिर्दांचं ऐक."

"आणि तुम्ही?"

"मी इमामसाहेबांचं."

सकाळी थेट नळावरून भरलेला मटका कोपऱ्यात आहे. चाचा धुतलेला सदरा मागवत नाहीत. तोही याच टाकीच्या पाण्याने धुतलेला असेल. पेटीतला, ईदनंतर न घातलेला कुर्ता खाला आणून देतात. मग ते मटक्यातून तांब्या भरतात. पैगंबरसाहेब एक मुद पाण्यात वजू करत, म्हणजे लिटरभरही नाही. चाचांची धार तशीच बारीक. कोपरापर्यंत हात, ओला तळवा डोक्यावरून, शेवटी पाय, घोट्यांसकट, बोटांच्या बेचक्यांत करंगळी फिरवत. तांब्यात थोडं उरतं.

माझ्या मजहबप्रमाणे माझी एकही नमाज गेलेली नाही. चाचांनाही ते ठाऊक आहे; ते मला काही सांगत नाहीत.

ऊन पिवळं पडायच्या आत उरकायला हवं. सूर्य मावळतीला टेकला की कजा, म्हणजे राहून गेलेली नमाज, पढता येत नाही. कालची मगरिब, मग इशा, आजची फजर, जुहर आणि तासाभरापूर्वीचीच असर. 17 फर्ज आणि इशामागची 3 वित्र, वीस रकात. चाचा जानमाज अंथरतात, पश्चिमेकडे तोंड करतात, आणि कालच्या संध्याकाळपासून सुरुवात करतात.

मी मोटर बंद करतो. झाकणावर दोन विटा ठेवतो.