प्रश्नांना उत्तर देणारा नकाशा

नकाशा म्हटला की शाळेच्या भिंतीवरचा रंगीत कागद डोळ्यांपुढे येतो. एकदा छापला की तो बदलावयाचा नाही आणि त्याला प्रश्नही विचारता यावयाचा नाही. ज्याला प्रश्न विचारता येतो असा नकाशा म्हणजे भौगोलिक माहिती प्रणाली. कॅनडातील जमिनीची मोजदाद करण्यासाठी रॉजर टॉमलिन्सन यांनी १९६० नंतरच्या दशकात तिचा पाया घातला.

तिचे मूळ तत्त्व साधे आहे. बडोद्याच्या पश्चिमेचे गोत्री हे उपनगर घ्या. तेथील रुग्णालय हा बिंदू, रस्ता ही रेषा, तलाव हे क्षेत्र. जमिनीची उंची मात्र अशी रेषेत बांधता येत नाही; म्हणून सारा प्रदेश लहान लहान चौकोनांत विभागून प्रत्येकात उंचीचा एक आकडा नोंदवितात. हे निरनिराळे थर एकाच अक्षांश-रेखांशांच्या आधारे एकावर एक बसविले, की एकाचा दुसऱ्याशी संबंध लावता येतो.

या संबंधाचे मोल पुराच्या वेळी कळते. बडोद्यातून वाहणारी विश्वामित्री ऑगस्ट २०२४ च्या अखेरीस २५ फुटांची धोक्याची पातळी ओलांडून ३५ फुटांवर गेली. नुसत्या या आकड्यावरून घरी बसलेल्या माणसाला काय कळणार? तोच आकडा जमिनीच्या उंचीशी व घरांच्या थराशी ताडून पाहिला, म्हणजे पाणी कोणत्या गल्लीत शिरण्याचा संभव आहे, हे आधी सांगता येते. अंतराचेही तसेच. पूर्वकाठच्या रुग्णाला गोत्रीचे रुग्णालय सरळ रेषेत जवळ वाटेल. पण मध्ये नदी आहे. पूल बंद झाला, तर ती जवळीक कामाची नाही. म्हणून अंतर रस्त्यांच्या जाळ्यावरूनच मोजावे लागते.

परंतु गणकयंत्र स्वतः शहाणे नसते. नदीची पातळी एका शून्यापासून आणि जमिनीची उंची दुसऱ्याच शून्यापासून मोजलेली असेल, तर नकाशा सुबक येईल आणि उत्तर खोटे येईल. बुजविलेल्या ओढ्याची नोंद राहून गेली, तर पाणी तुंबणारी जागाही तो कोरडी दाखवील.

क्यूजीआयएससारखी साधने आज विनामूल्य मिळतात. त्यांच्या आज्ञा काही दिवसांत पाठ होतात. ही नोंद कोणी, केव्हा आणि कशाच्या आधारे घेतली, हे विचारण्याची सवय मात्र जाणीवपूर्वक लावून घ्यावी लागते. या शास्त्राचा खरा श्रीगणेशा तोच होय.