वाफा आपापला, पाळी सगळ्यांची : सामूहिक बागेची गोष्ट



आज आपण बागेविषयी बोलणार आहोत. पण रोप कसं लावायचं, खत कोणतं घालायचं हा आजचा विषय नाही. ती माहिती तुम्हाला बऱ्याच ठिकाणी मिळेल. आजचा विषय आहे बाग सांभाळणारी माणसं. एक बाग अनेकांनी मिळून करायची असेल तर काय काय लागतं, ते आपण पाहू या.

सुरुवात माझ्याच चुकीपासून करते.

मी मांजरीत प्राथमिक वर्गाला शिकवते. दोन वर्षांपूर्वी आम्ही शाळेच्या कुंपणालगत परसबाग केली. आठ वाफे. मेथी, पालक, वांगी, भेंडी, कोपऱ्यात कढीपत्ता आणि शेवगा. एप्रिलपर्यंत बाग इतकी छान होती की येणारा प्रत्येक जण तिथे उभा राहून फोटो काढायचा. मग सुट्टी लागली. जूनमध्ये शाळा उघडली तेव्हा मुलं दप्तरं पाठीवर तशीच ठेवून आधी बागेकडे पळाली. वाफे भेगाळले होते. वांग्याच्या काड्या उभ्या होत्या, पानं नव्हती. दुसरीतली एक मुलगी मला म्हणाली, "बाई, तुम्ही तर म्हणाला होतात, ही आपली बाग आहे. मग पाणी कोणी नाही घातलं?"

माझ्याकडे उत्तर नव्हतं. नळाला पाणी होतं, झारी होती, शाळेच्या आजूबाजूला राहणारे वीस-पंचवीस पालकही होते. फक्त कोणत्या दिवशी कोण येणार, हे ठरलेलं नव्हतं. 'आपली बाग' म्हणता म्हणता ती कोणाचीच उरली नव्हती.

त्यानंतर मी वाचायला लागले की जगात लोक अशा बागा कशा टिकवतात.

सामूहिक बाग म्हणजे काय?

'परस' म्हणजे घरामागची मोकळी जागा. तिथली बाग ती परसबाग. पण आमच्या वर्गातली बरीचशी मुलं इमारतीत किंवा भाड्याच्या खोलीत राहतात. त्यांच्या घराला परसच नाही. मग भाजी लावायची कुठे?

युरोपात शहरं वाढली, कारखाने आले, तेव्हा तिथल्या कामगारांपुढे हाच प्रश्न होता. त्यातून एक पद्धत रुजली. गावाच्या कडेला एक मोठी जमीन घ्यायची, तिचे लहान तुकडे पाडायचे आणि एकेका कुटुंबाला एकेक तुकडा लागवडीला द्यायचा. जमीन विकायची नाही, फक्त वर्षाला थोडं भाडं घ्यायचं. वाट, पाणी, कुंपण, अवजारांची खोली हे सगळं मात्र सामाईक. ते सांभाळायला सभासदांचं एक मंडळ असतं. इंग्लंडमध्ये अशा तुकड्याला 'अलॉटमेंट' म्हणतात. तिथे १९०८ सालच्या कायद्याने, लोकांनी मागणी केली तर अशी जागा उपलब्ध करून देण्याची जबाबदारी स्थानिक संस्थांवर टाकली. एक तुकडा साधारण अडीचशे चौरस मीटरचा असतो. आपल्या हिशोबात सांगायचं तर अडीच गुंठे! दुसऱ्या महायुद्धाच्या काळात बाहेरून अन्न येणं अवघड झालं, तेव्हा तिथल्या सरकारने लोकांना भाजी पिकवायला सांगितलं आणि कितीतरी बागबगीच्यांत बटाटे आणि कोबी लागले.

एका शाळेने सुरू केलेली बाग

जर्मनीची गोष्ट तर आपल्यासारख्या शिक्षकांसाठीच आहे. लाइपझिग शहरात हाउशिल्ड नावाचे एक मुख्याध्यापक होते. त्यांनी १८६४ मध्ये पालकांना बरोबर घेऊन एक मंडळ काढलं. त्याला डॉक्टर श्रेबर यांचं नाव दिलं. मुलांना खेळायला मोकळं मैदान हवं, यासाठी श्रेबर लिहीत असत. ते तोपर्यंत हयात नव्हते. पुढच्याच वर्षी मंडळाने मैदान तयार केलं.

तिथे गेझेल नावाचे एक निवृत्त शिक्षक होते. त्यांनी मैदानाच्या कडेने मुलांसाठी छोटे वाफे केले. मुलांनी मातीत हात घालावेत, ही त्यांची इच्छा. आणि मग काय झालं असेल? जे आपल्याकडे होतं तेच! मुलांचा उत्साह काही दिवसांतच ओसरला आणि वाफ्यांत तण माजलं. शेवटी आईवडील खुरपायला लागले. हळूहळू मुलांचे वाफे कुटुंबाचे वाफे झाले, त्यांना कुंपणं आली, नियम आले. आज जर्मनीत अशा बागांना 'श्रेबर बाग' म्हणूनच ओळखतात आणि लाइपझिगमध्ये या बागांचं संग्रहालयही आहे.

हे वाचल्यावर मला जरा धीर आला. दीडशे वर्षांपूर्वी लाइपझिगच्या मुलांनीही वाफे सोडून दिले होते. पण तिथे मोठी माणसं पुढे आली आणि नियम ठरले, म्हणून बाग वाचली. आमच्याकडे ते झालं नव्हतं.

आपल्याकडची फड पद्धत

तुम्ही म्हणाल, हे सगळं परदेशातलं. आपल्याकडे असं काही आहे का? आहे, आणि ते काही शतकं जुनं आहे.

धुळे आणि नाशिक जिल्ह्यांत पांझरा, मोसम या नद्यांवर 'फड' नावाची सिंचनाची पद्धत चालत आली आहे. नदीवर बंधारा घालायचा. त्यातून पाट काढायचा. पाणी उताराने आपोआप शेतात येतं. पाटाखालच्या सगळ्या जमिनीचे मोठे भाग पाडलेले असतात, त्यांना फड म्हणतात. एका फडात सगळ्यांनी एकच पीक घ्यायचं. एखाद्या फडात ऊस, तर बाकीच्यांत हंगामी पिकं. पुढच्या वर्षी पिकांची फिरवाफिरव. पाणी कोणाला कधी द्यायचं हे पाटकरी बघतो. पाटातला गाळ काढायचं काम सगळ्यांचं.

यातली सगळ्यात हुशारीची गोष्ट सांगू? प्रत्येक शेतकऱ्याची थोडी थोडी जमीन वेगवेगळ्या फडांत असते. त्यामुळे 'माझं शेत पाटाजवळ, मला पाणी भरपूर' आणि 'तुझं शेत लांब, तू बघ तुझं' असं होत नाही. पाणी कमी पडलं तर यंदा किती फड भिजवायचे हे मिळून ठरतं, आणि त्याची झळ सगळ्यांना सारखी बसते.

आमच्या बागेत काय बदललं?

फड पद्धत वाचली आणि आमच्या आठ वाफ्यांमधलं भांडण मला एकदम समजलं. नळाजवळच्या वाफ्यांतली मेथी कायम हिरवीगार असायची, लांबच्या वाफ्यांपर्यंत झारी जाईपर्यंत निम्मी सांडायची. लांबच्या वाफ्याची मुलं म्हणायची, "आमचा वाफाच खराब आहे." मग आम्ही आठ गटांचे चार गट केले. प्रत्येक गटाला एक वाफा नळाजवळचा आणि एक लांबचा. चार दिवसांतच लांबच्या वाफ्यांना पाणी मिळायला लागलं. सांगावं लागलं नाही!

पालकसभेत मी हात जोडून सांगितलं, "बाग मला एकटीला जमणार नाही." आधी कोणी बोललं नाही. मग एका मुलीची आजी उठली. त्या लातूरकडच्या, मुलाच्या नोकरीमुळे इथे आलेल्या. म्हणाल्या, "बाई, दोन वर्षं झाली, खुरपं हातात धरलं नाही. मला वार सांगा." त्यांच्यामागे सात घरं तयार झाली. प्रत्येक घराला एकेक वार मिळाला. आठवं घर अडीअडचणीला. आम्ही चारच नियम केले :

१. ज्याची पाळी त्याने पाणी घालायचं. जमणार नसेल तर आदल्या दिवशी आठव्या घराला कळवायचं.

२. पालेभाजी ज्याच्या पाळीला तयार होईल त्याने न्यायची. फळभाजी मात्र शाळेच्या आहारासाठी ठेवायची. सुट्टीत सगळं आठ घरांत वाटून घ्यायचं.

३. महिन्यातून एका शनिवारी सगळ्यांनी मिळून खुरपणी.

४. बियाणं विकत घेण्याआधी एकमेकांना विचारायचं.

दुसरा नियम सुरुवातीला नव्हता. एका घराने एकदा सगळी भेंडी तोडून नेली आणि दुसऱ्या दिवशी मुलं रिकामी झाडं बघत बसली. बरीच कुजबुज झाली. त्या घराचंही चूक नव्हतं. तोडायची नाही, असं कोणी सांगितलंच नव्हतं. सभा घेतली, नियम लिहिला, विषय संपला. एकत्र काम म्हटलं की कुरबुर होणारच. ती मनात ठेवण्यापेक्षा फळ्यावर लिहिलेली बरी.

बागेचं वर्ष, सणांचं वर्ष

परदेशातल्या बाग मंडळांचे वर्षभराचे कार्यक्रम असतात. हिवाळा सरता सरता बियाण्यांची देवाणघेवाण, वसंतात सफाईचा दिवस, पीक हाती आलं की सर्वांत मोठ्या भोपळ्याची स्पर्धा. आपल्याला मात्र नवे कार्यक्रम शोधावे लागत नाहीत. आपल्या सणांतच बागेचं वेळापत्रक दडलंय.

*जून-जुलै :* पाऊस पडला की वाफे भुसभुशीत करायचे. वाफा तीन-चार फुटांपेक्षा रुंद नको, म्हणजे दोन्ही बाजूंनी मुलांचा हात मधोमध पोहोचतो. भोपळा, दोडका, काकडीचे वेल कुंपणावर चढवायचे.

*श्रावण :* नागपंचमीला जमीन खणायची नाही, अशी आपल्याकडे रीत आहे. आम्ही त्या दिवशी खुरपी बाजूला ठेवतो आणि मातीत कोण कोण राहतं यावर गप्पा मारतो. गांडूळ हा त्या दिवसाचा पाहुणा!

*भाद्रपद :* ऋषिपंचमीची भाजी बैलाच्या कष्टाशिवाय पिकवलेल्या भाज्यांची करतात. अळू, लाल माठ, भेंडी, दोडका, भोपळा. म्हणजे ही हाताने पिकवलेल्या परसबागेचीच भाजी! गणपतीची सुट्टी लागण्याआधी आम्ही ती काढून आठ घरांत वाटतो.

*दसरा :* जूनमध्ये लावलेला झेंडू याच वेळी उपयोगी पडतो. शाळेच्या दाराला तोरण आपल्याच फुलांचं.

*जानेवारी :* संक्रांतीच्या आदल्या दिवशी भोगी. वांगी, गाजर, घेवडा, पावटा, हरभरा, वर तीळ, आणि सोबत बाजरीची भाकरी. याच महिन्यात प्रजासत्ताक दिनाच्या सुमारास पुण्याच्या एम्प्रेस गार्डनमध्ये पुष्पप्रदर्शन भरतं. ही बाग 'अ‍ॅग्री-हॉर्टिकल्चरल सोसायटी ऑफ वेस्टर्न इंडिया' ही जुनी संस्था सांभाळते. मुलांना एकदा तरी दाखवा.

*मार्च ते मे :* हीच खरी परीक्षा. नवीन लागवड कमी करायची, वाफ्यांवर पालापाचोळ्याचं आच्छादन घालायचं आणि पाणी सकाळी लवकर किंवा संध्याकाळी द्यायचं.

मांजरीतच का?

आमच्या गावाचं आणि शेतीचं नातं जुनं आहे. राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्र इथे आहे, वसंतदादा शुगर इन्स्टिट्यूट इथे आहे. मांजरीच्या उपबाजारात शेतकरी स्वतः भाजी घेऊन येतात. पण २०२१ मध्ये मांजरी बुद्रुक पुणे महापालिकेत आलं, आणि इमारती तर त्याआधीपासूनच वाढत होत्या. आमच्या वर्गातल्या कित्येक मुलांचे आजी-आजोबा शेतकरी, आईवडील कंपनीत, आणि मुलांना मेथीचं रोप ओळखू येत नाही. एकाच घरातली ही तीन पिढ्यांची गोष्ट आहे. शाळेच्या बागेत आजी आणि नात एका वाफ्यापाशी उकिडव्या बसलेल्या दिसतात, तेव्हा मला बाग कशासाठी करायची हे वेगळं समजावून सांगावं लागत नाही.

मग सुट्टीत काय झालं?

यंदा जूनमध्ये शाळा उघडली. सगळं काही वाचलं नव्हतं. मे महिन्यात दोन घरं गावी गेली, चार-पाच दिवस पाळी चुकली आणि वांगी गेली. पण कढीपत्ता होता, शेवगा डोक्यावर गेला होता, आणि आजींनी एका वाफ्यात अंबाडी लावून ठेवली होती. ती मुलगी आता तिसरीत गेली आहे. तिने सगळे वाफे फिरून पाहिले आणि विचारलं, "बाई, या सुट्टीत मंगळवार कोणाचा होता?"

मागच्या वेळी तिच्या प्रश्नाला माझ्याकडे उत्तर नव्हतं. यंदा फळ्यावर नाव लिहिलेलं होतं.

तुमच्या शाळेत करून पाहा

• शाळेच्या बागेचं क्षेत्रफळ मुलांकडून मोजून घ्या. एक गुंठा म्हणजे साधारण १०१ चौरस मीटर. आपली बाग किती गुंठे भरते?

• प्रत्येक मुलाने घरातल्या मोठ्या माणसाला विचारावं : तुमच्या गावात पाण्याची पाळी कशी ठरायची?

• सुट्टी लागण्याच्या आधी, आणि तेही आठवडाभर आधी, पाळीचा तक्ता फळ्यावर लावा. रोपं नंतर आणा, तक्ता आधी करा.