समुद्र कोणत्या बाजूचा?

बार्बाडोस हे नाव माझ्या पिढीला भूगोलाच्या पुस्तकाने नव्हे, क्रिकेटने शिकवले. १९७१ साली अजित वाडेकरांचा संघ वेस्ट इंडीजला गेला आणि सुनील गावसकरांनी चार कसोटींत ७७४ धावा काढल्या. त्यांतले एक नाबाद शतक ब्रिजटाउनचे. पुढे २९ जून २०२४ रोजी त्याच ब्रिजटाउनमध्ये रोहित शर्माच्या संघाने टी-ट्वेंटी विश्वचषक जिंकला आणि लगोलग आलेल्या 'बेरिल' चक्रीवादळामुळे विजेते काही दिवस बेटावरच अडकून पडले. हे सारे आपल्याला पाठ असते. पण त्या बेटावर आठवडाभर राहायचे तर कुठे राहावे, हे मात्र कुठलाच समालोचक सांगत नाही.

आमच्या घरी हा प्रश्न टोरोंटोहून आला. मुलीने फोनवर जाहीर केले, "बाबा, फेब्रुवारीत तुम्ही इकडे असालच. सगळे मिळून बार्बाडोसला जाऊ. इथून विमान थेट आहे, पाच तासांचा प्रवास. हॉटेलचे पैसे मी भरणार." शेवटचे वाक्य मला खटकले. निवृत्त माणसाचा स्वाभिमान पेन्शनइतकाच असतो, पण असतो. "हॉटेल मी बघतो," मी म्हणालो.

प्रवासी पाच. मुलगी, जावई, सहा वर्षांची नात, मी आणि सौ. नातीला पोहता येत नाही. सौ.च्या गुडघ्याची शस्त्रक्रिया होऊन वर्ष झालेले. लेकीने मनाशी योजलेले हॉटेल पश्चिम किनाऱ्यावरचे, संगमरवरी जिन्याचे. त्याचे एका रात्रीचे भाडे ऐकून मी चष्मा पुसून घेतला.

बँकेत कर्जाचे प्रस्ताव तपासण्यात उमेदीची वर्षे गेली. तिथे एक सवय लागली. रंगीत चित्रे शेवटी पाहायची, आधी नकाशा आणि मग बारीक अक्षरातल्या अटी. हॉटेलच्या चित्रात समुद्र नेहमी निळा आणि शांतच असतो. तो खरोखर कसा आहे, ते नकाशा सांगतो.

बार्बाडोस उणेपुरे ३४ किलोमीटर लांब आणि २३ किलोमीटर रुंद. वारा बाराही महिने बहुधा पूर्वेकडून येतो. त्यामुळे एवढ्याशा बेटाला तीन वेगळे समुद्र लाभले आहेत. पूर्वेला अटलांटिक महासागर थेट येऊन आदळतो. तिथले बाथशेबा पाहायला सुंदर. लाटांवर फळी घेऊन स्वार होणाऱ्यांचे ते तीर्थक्षेत्र, पण पाण्याला ओढ जबरदस्त. आजी-नातीचे ते काम नव्हे. पश्चिमेचा किनारा बेटाच्या आडोशाला असल्याने पाणी बरेचसे तळ्यासारखे. १६२७ साली इंग्रज वसाहतवाले इथल्याच होलटाउनला उतरले आणि आज श्रीमंत पाहुणेही तिथेच उतरतात. दक्षिण किनारा मधला. लाटा मध्यम, हॉटेले आटोपशीर, बस हाताशी, आणि शुक्रवारी रात्री ऑइस्टिन्सच्या कोळीवाड्यात तळलेल्या माशांची जत्रा.

म्हणजे 'समुद्रकिनारी हॉटेल' हा शब्द अपुरा. कुठला समुद्र, ते आधी विचारायला हवे.

दुसरा प्रश्न ऋतूचा. डिसेंबरच्या मध्यापासून एप्रिलच्या मध्यापर्यंत कोरडी हवा आणि चढे दर. जून ते नोव्हेंबर वादळांचे महिने, म्हणून दर उतरलेले. बार्बाडोस इतर बेटांच्या पूर्वेला थोडे अलग असल्याने वादळे पुष्कळदा त्याला चुकवून जातात. 'बेरिल'ही दक्षिणेकडून गेले, तरी त्याच्या लाटांनी कोळ्यांच्या होड्यांचा चुराडा केला. शिवाय २०११ पासून सर्गासम नावाचे तपकिरी शेवाळ अटलांटिकमधून लोटाच्या लोट येऊ लागले आहे. ते किनाऱ्यावर कुजले की सडक्या अंड्यांसारखा वास सुटतो. त्याचा त्रास पूर्व आणि दक्षिण किनाऱ्याला अधिक, वसंतात आणि उन्हाळ्यात विशेष. चित्रांत ते कधीच दिसत नाही.

तिसरा प्रश्न पैशांचा, म्हणजे माझ्या प्रांतातला. दर 'डॉलर'मध्ये लिहिलेला असतो. कोणता डॉलर? बार्बाडोसचा डॉलर १९७५ पासून अमेरिकी डॉलरच्या निम्म्या किमतीला बांधलेला आहे. एकाच आकड्याचा अर्थ त्यामुळे दुप्पट होऊ शकतो. त्यावर कर आणि सेवाशुल्क वेगळे आहे की धरलेले, ते विचारावे. जेवणासकट दर घेतला तर दिवसभर खाणाऱ्यालाच तो परवडतो. सौ. शाकाहारी, आणि तिथला राष्ट्रीय पदार्थ म्हणजे मक्याच्या पिठाच्या लगद्याबरोबर उडता मासा! आम्हाला हवी होती ती भात शिजवता येईल अशी छोटी शेगडी.

आणि एक गोष्ट वाचून मी थांबलोच. बार्बाडोसमधले सगळे किनारे सार्वजनिक आहेत. हॉटेल कितीही मोठे असो, पुढची वाळू त्याच्या मालकीची नसते. हॉटेल विकते ती खोली, सावली आणि दोन पावलांची सोय. दोन हॉटेलांच्या भिंतींमधून समुद्राकडे जाणाऱ्या वाटा अरुंद होत चालल्याची तिथल्या लोकांची तक्रार आहे. कोकण-गोव्यात वाढलेल्या माणसाला ती समजायला भाषांतर लागत नाही.

हे सारे मी तक्ता करून मुलीला पाठवले. ती म्हणाली, "बाबा, हे कर्ज मंजूर करायचं आहे का?" वाद थोडा वाढला. तिला आईला थाटात ठेवायचे होते, मला तिच्या पैशांनी थाट नको होता. सौ. तोवर गप्प होती. मग तिने एवढेच विचारले, "खोलीतून पाण्यापर्यंत पायऱ्या किती?"

हा प्रश्न माझ्या तक्त्यात नव्हता. पत्रे गेली. संगमरवरी हॉटेलने कळवले, सव्वीस, कठडा एकाच बाजूला. शेवटी ब्रिजटाउनलगतच्या कार्लाइल उपसागरावर एक साधे हॉटेल ठरले. उपसागर नैऋत्येला, कमानीसारखा वळलेला, म्हणून पाणी शांत. खोली तळमजल्यावर, शेगडीसह. मध्ये एक रस्ता ओलांडायचा, म्हणून भाडे उतरलेले. निम्मे मी दिले, निम्मे तिने. यावर दोघांचेही समाधान झाले नाही, म्हणजे तडजोड बरोबर झाली.

तिथे सकाळी सातला गावातली वृद्ध मंडळी पाण्यात कमरेएवढी उभी राहून गप्पा मारत असत. पहिल्या दिवशी सौ. काठावर थांबली. तिच्याच वयाच्या एका बाईंनी हात पुढे केला. गणपतीपुळ्याला आयुष्यभर पाऊल भिजवून परतणारी माझी बायको त्या हाताला धरून छातीएवढ्या पाण्यात गेली. मागोमाग नातही, आजीच्या पदराऐवजी तिचा दंड पकडून.

जाणाऱ्यांसाठी एवढेच सांगतो. मॅन्चिनीलच्या झाडाखाली पावसात उभे राहू नका, त्याचा चीक आणि फळ विषारी असते. लष्करी छापाचे कपडे नेऊ नका, तिथे कायद्याने बंदी आहे. आणि खोली ठरवण्याआधी घरातल्या सर्वांत सावकाश चालणाऱ्या माणसाला काय हवे, ते विचारा.