क्वार्टर उतरायला आठ तास

माळकरी माणसाच्या पोटातही दारू तयार होते. कुणी कानांवर हात ठेवील, पण हे खरे आहे. आतड्यांतले जिवाणू अन्नातली साखर आंबवतात, त्यातून अगदी थोडे इथेनॉल निघते आणि यकृत ते बहुतेक जागच्या जागी संपवते. हे काम करणारे अल्कोहोल डिहायड्रोजिनेज नावाचे विकर न पिणाऱ्यांच्या शरीरातही असतेच. या विकरांच्या कुळातल्या एकात सुमारे एक कोटी वर्षांपूर्वी, माणूस, चिंपांझी आणि गोरिला यांच्या समाईक पूर्वजात, एक छोटा बदल झाला आणि इथेनॉल पचवण्याची त्याची क्षमता चाळीस पट वाढली, असा निष्कर्ष मॅथ्यू कॅरिगन आणि सहकाऱ्यांनी २०१४ साली मांडला. झाडाखाली पडून आंबलेली फळे खाणाऱ्याला त्याचा उपयोग झाला असावा. बाटलीचा हिशेब तेव्हा निसर्गाने धरलेला नव्हता.

हा हिशेब करून पाहण्यासारखा आहे. १८० मिलिलिटरच्या क्वार्टरमध्ये, ४२.८ टक्के तीव्रता धरली, तर सुमारे ६० ग्रॅम शुद्ध अल्कोहोल असते. यकृत ताशी साधारण सात-आठ ग्रॅम निकालात काढते. बाहेर रांग कितीही वाढो, तिकिटाची खिडकी एकच उघडी असावी, तसे हे आहे. थोडक्या दारूनेही विकराची क्षमता भरून जाते आणि त्यापुढे वेग जवळपास ठरलेला राहतो. स्वीडनच्या एरिक विडमार्क यांनी १९३२ साली यावर गणितच मांडले. म्हणजे रात्री अकराला संपवलेली क्वार्टर सकाळी सातपर्यंत अंगात असते. लिंबूपाणी, ताक, कडक कॉफी, गार पाण्याची आंघोळ यांनी तरतरी वाटेल, पण दारू एका मिनिटानेही लवकर उतरत नाही. चखण्याने ती सावकाश चढते. आपल्या कायद्यात वाहनचालकासाठी १०० मिलिलिटर रक्तात ३० मिलिग्रॅम ही मर्यादा आहे. पहाटे पाचला गाडी काढणारा, स्वतःला ठणठणीत समजणारा माणूस ती ओलांडून बसलेला असू शकतो.

खरी खोड दारूपेक्षा तिच्यापासून बनणाऱ्या पदार्थात आहे. विकर तिचे ॲसिटाल्डिहाइड करते. ते विषारी असून डीएनएला इजा करते. दुसरे एक विकर त्याचे निरुपद्रवी ॲसिटेट करते. चीन, जपान, कोरियातल्या अनेकांत हे दुसरे विकर जन्मतःच दुबळे असते. एका प्याल्यात त्यांचा चेहरा लालबुंद होतो, छाती धडधडते. व्यसन सोडवण्यासाठी दिले जाणारे डायसल्फिराम हे औषध तीच अवस्था मुद्दाम आणते. रोज पिणाऱ्याच्या यकृतात या खटाटोपात चरबी जळायची थांबते, साठू लागते. पुढे सूज, मग सिरॉसिस. तोंड, अन्ननलिका, यकृत, स्तन यांच्या कर्करोगाशी दारूचा संबंध पक्का ठरला आहे, आणि तो देशी-विदेशी, बिअर-वाइन असा भेद करत नाही.

पहिल्या विकराची, अल्कोहोल डिहायड्रोजिनेजची, आणखी एक करामत जीवघेणी आहे. मिथेनॉल स्वतः फारसे घातक नसते, पण हे विकर त्याचेही रूपांतर करते: आधी फॉर्माल्डिहाइड, मग फॉर्मिक ॲसिड. हे ॲसिड डोळ्यांच्या नसा मारते. जून २०१५ मध्ये मुंबईच्या मालवणी भागात मिथेनॉलची भेसळ असलेल्या दारूने शंभराहून अधिक माणसे गेली. गंमत अशी, की मिथेनॉलवर उपाय म्हणून डॉक्टर इथेनॉलच देऊ शकतात. विकराला इथेनॉल अधिक प्रिय. ते त्यात गुंतले की मिथेनॉल न बदलता हळूहळू शरीराबाहेर पडते. फोमेपिझोल हे औषध त्या विकरालाच अडवते.

मात्र हे काम दवाखान्यातले आहे; घरी आणखी दारू पाजून ते होत नाही. मिथेनॉलची लक्षणे बहुधा काही तासांनी, कधी दुसऱ्या दिवशी दिसतात. त्यामुळे हातभट्टीची किंवा अनोळखी दारू प्यायल्यावर कुणाला धूसर दिसू लागले, पोटात कळा आल्या, श्वास जोरात चालू लागला, तर ‘उतरेल आपोआप’ म्हणून त्याला झोपू देऊ नका. तडक रुग्णालयात न्या आणि काय प्यायले ते डॉक्टरांना खरे सांगा.