कर्ज देणाऱ्या बँकेने नदीही पाहावी

सांगलीत आयर्विन पुलाजवळ कृष्णेची धोक्याची पातळी ४५ फूट मानली जाते. ऑगस्ट २०१९ मध्ये पाणी ५७ फुटांवर गेले आणि बाजारपेठेतील दुकाने, गोदामे बुडाली. २००५ व २०२१ सालीही पुराने सांगलीला घेरले होते. उलट जत, आटपाडी आणि शेजारच्या सातारा जिल्ह्यातील माण, खटाव हे तालुके दुष्काळाने होरपळतात. म्हणजे आपल्या भागात कर्ज बुडण्याचे एक मोठे कारण आभाळातच आहे.

रिझर्व्ह बँकेने जुलै २०२२ मध्ये हवामानाच्या जोखमीवर चर्चापत्र काढले. फेब्रुवारी २०२४ मध्ये ही जोखीम जाहीर करण्याच्या नियमांचा मसुदा आला. त्यात मोठ्या नागरी सहकारी बँकाही धरल्या होत्या. पण नियम राबवणार शाखेतला कर्मचारी. त्याला हे शिकवणार कोण?

कापडाच्या धंद्यात कॅश क्रेडिटचे तारण म्हणजे दुकानातला माल. स्टॉक स्टेटमेंटमध्ये मालाची किंमत असते. माल तळमजल्यावर आहे की माडीवर, हे नसते. विम्यात पुराचे कलम आहे का, गोदामाचा पत्ता बरोबर आहे का, हे अधिकाऱ्याने पाहायला शिकले पाहिजे. रंगाईच्या कारखान्याला कर्ज देताना सांडपाणी कोठे जाते, प्रदूषण नियंत्रण मंडळाचे संमतीपत्र आहे का, कामावर लहान मुले तर नाहीत ना, हेही विचारावे. कारखान्याला टाळे लागले की हप्ते थांबतात आणि मजुराची चूलही विझते.

मात्र या प्रशिक्षणातून 'पूरपट्ट्यातले दुकान, कर्ज नाही' एवढाच धडा निघाला तर छोटा व्यापारी पुन्हा खासगी सावकाराच्या दारात जाईल. माण तालुक्यातील म्हसवडच्या महिलांचा बँकेसाठीचा पहिला अर्ज रिझर्व्ह बँकेने नाकारला होता, कारण अनेक सभासद निरक्षर होत्या. त्या लिहायला-वाचायला शिकल्या आणि १९९७ साली माणदेशी महिला सहकारी बँक उभी राहिली. जोखीम दिसली की दार बंद करण्याऐवजी ती कमी कशी होईल ते पाहावे, हा त्यातला सबक आहे.

व्याजाचा मसला वेगळा आहे. पण बँकेतला पैसा ही ठेवीदारांची अमानत आहे. व्यापारी बांधवांनीही पावसाळ्यापूर्वी आपली विमा पॉलिसी काढून वाचावी, माल वरच्या मजल्यावर हलवावा आणि तसे बँकेला लेखी कळवावे.